बर्फ विकायचा की जमीन? : हॅल क्लिफर्ड यांच्या ‘डाउनहिल स्लाइड’ या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

अमेरिकन पत्रकार हॅल क्लिफर्ड यांचा ‘डाउनहिल स्लाइड’ हा ग्रंथ २००२ मध्ये सिएरा क्लब बुक्स या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केला. शीर्षकात श्लेष आहे. उतारावरून घसरत जाणे हा स्कीइंगचा अर्थ आणि अधोगती हा दुसरा अर्थ, असे दोन्ही त्यात सामावले आहेत. मोठ्या कंपन्यांच्या हाती गेलेला स्की-उद्योग हा स्कीइंग या खेळाला, डोंगरातील गावांना आणि पर्यावरणाला, अशा तिघांनाही घातक ठरतो, हा ग्रंथाचा सिद्धान्त उपशीर्षकातच नोंदलेला आहे. प्रकाशनानंतरच्या दोन दशकांहून अधिक काळात या उद्योगाचे स्वरूप पुष्कळ बदलले. म्हणूनच या ग्रंथाचे निदान कितपत टिकले आणि त्याने सुचविलेला उपाय कितपत पुरेसा होता, हे तपासण्याची आता संधी आहे. प्रस्तुत लेखाचा उद्देश तोच आहे.

हा प्रश्न केवळ बर्फाळ प्रदेशातील हौशी खेळाडूंपुरता मर्यादित नाही. सार्वजनिक निसर्गसंपत्तीवर उभा राहिलेला व्यवसाय कोणासाठी चालतो, त्याचा नफा नेमका कोठे निर्माण होतो आणि त्याचा भार कोण वाहतो, हे पर्यटनाच्या अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहेत. स्की-केंद्रे हे त्यांचे अत्यंत स्पष्ट उदाहरण होय.

ग्रंथाची मांडणी

क्लिफर्ड यांचा युक्तिवाद एका साध्या निरीक्षणापासून सुरू होतो. अमेरिकेत स्कीइंग करणाऱ्यांची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जवळजवळ स्थिर राहिली. तरीही याच काळात नव्या वेगवान लिफ्ट, नवी हॉटेले आणि पायथ्याची नवी ‘गावे’ यांवर प्रचंड भांडवल ओतले गेले. १९९७ या एका वर्षात व्हेल रिसॉर्ट्स आणि अमेरिकन स्कीइंग कंपनी या दोन कंपन्यांनी अमेरिकेत प्रथमच आपले शेअर जनतेस विक्रीस काढले आणि मूळच्या कॅनेडियन असलेल्या इंट्रावेस्टची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली. ग्राहक वाढत नसताना भागधारकांना वाढता नफा कोठून द्यायचा? क्लिफर्ड यांचे उत्तर असे, की या कंपन्यांचा खरा माल स्कीइंग नसून पायथ्याची जमीन आणि त्यावरील सदनिका हा आहे. डोंगर ही त्या मालाची जाहिरात ठरते.

या निदानाचा सर्वांत मोलाचा भाग जमिनीच्या मालकीविषयीचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील बहुतेक मोठ्या केंद्रांचे उतार संघीय वनखात्याच्या, म्हणजे जनतेच्या मालकीचे आहेत. १९८६ च्या कायद्याने अशा केंद्रांना ४० वर्षांपर्यंतचे परवाने देण्याची सोय केली. १९९६ च्या कायद्यानुसार त्यांचे भाडे महसुलाच्या प्रमाणात, दीड ते चार टक्के अशा चढत्या दराने आकारले जाते. परंतु सार्वजनिक डोंगराच्या सान्निध्यामुळे लगतच्या खाजगी जमिनीची जी किंमत वाढते, तिच्या विक्रीपर्यंत हे भाडे पोहोचत नाही. उतार जनतेचा आणि त्या उताराने निर्माण केलेले मूल्य मात्र खाजगी, ही विसंगती क्लिफर्ड यांच्या मांडणीतून ठळकपणे पुढे येते. वाढत्या घरभाड्यामुळे गावाबाहेर फेकले गेलेले कामगार, दूरवरून खिंडी ओलांडून रोज कामाला येणारे स्थलांतरित आणि वन्यजीवांच्या अधिवासात शिरणारे विस्तार-प्रकल्प हे सर्व त्या विसंगतीचेच परिणाम म्हणून ग्रंथात येतात.

बर्फाच्या व्यवसायाचे गणित

ग्रंथाचे मूल्यमापन करण्यापूर्वी या व्यवसायाच्या खर्चाची रचना पाहणे आवश्यक आहे. लिफ्ट, उतार सारखा करणारी यंत्रे, कृत्रिम बर्फाची यंत्रणा, सुरक्षा-पथक आणि विमा यांवरील खर्च पहिला ग्राहक येण्यापूर्वीच करावा लागतो. एक एकर क्षेत्रावर एक फूट जाडीचा कृत्रिम बर्फ अंथरायचा तर सुमारे सहा ते साडेसात लाख लिटर पाणी आणि ते उंचावर चढविण्याची वीज लागते. याउलट, चालू असलेल्या लिफ्टवर आणखी एक माणूस बसला तर वाढणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, स्थिर खर्च अवाढव्य आणि सीमांत खर्च नगण्य असा हा व्यवसाय आहे. त्यातच हंगाम चार-पाच महिन्यांचा. उत्पन्नाचा मोठा वाटा नाताळ आणि फेब्रुवारीतील सुट्यांच्या काही दिवसांवर अवलंबून. हिवाळा कोरडा गेला तर खर्च तसाच राहतो आणि उत्पन्न कोसळते.

या गणिताला तीन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर म्हणजे बर्फाशी संबंध नसलेले, म्हणजे जमिनीचे उत्पन्न जोडणे. दुसरे, बर्फ पडण्यापूर्वीच ग्राहकाकडून पैसे घेऊन हवामानाची जोखीम त्याच्यावर सोपविणे. तिसरे, स्थिर खर्चच कमी ठेवणे आणि नफ्याची अट काढून टाकणे. क्लिफर्ड यांनी पहिले उत्तर अचूक ओळखले आणि तिसऱ्याचा पुरस्कार केला. दुसऱ्या उत्तराची ताकद मात्र त्यांच्या लेखनात दिसत नाही. ते पूर्णांशाने पुढे आले ग्रंथप्रकाशनानंतर सहा वर्षांनी.

जमिनीकडून पासाकडे

जमिनीवर आधारलेल्या प्रतिमानाविषयीचे क्लिफर्ड यांचे निदान इतिहासाने बऱ्याच अंशी खरे ठरविले. कर्ज काढून केंद्रे आणि हॉटेले उभारणारी अमेरिकन स्कीइंग कंपनी आपली केंद्रे एकामागून एक विकत गेली आणि २००७ मध्ये विसर्जित झाली. इंट्रावेस्ट २००६ मध्ये एका गुंतवणूक समूहाच्या ताब्यात गेली. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर सुट्टीतील घरांची बाजारपेठ गोठली आणि व्हेल रिसॉर्ट्सनेही स्वतः इमारती बांधण्याच्या व्यवसायातून हळूहळू पाय मागे घेतला.

तथापि उद्योग कोसळला नाही. मार्च २००८ मध्ये व्हेल रिसॉर्ट्सने ५७९ डॉलर किमतीचा ‘एपिक पास’ जाहीर केला. हंगामापूर्वी विकत घ्यावयाच्या या एकाच पासावर कंपनीच्या अनेक केंद्रांवर अमर्याद स्कीइंग करता येत होते. २०११-१२ चा हिवाळा बर्फाविना गेला आणि संपूर्ण अमेरिकेतील स्कीअर-भेटी सुमारे सहा कोटींवरून ५.१ कोटींपर्यंत घसरल्या, तेव्हा या योजनेचे मर्म स्पष्ट झाले. पासाचे पैसे आधीच जमा झालेले होते. त्यानंतर पार्क सिटी (२०१४), व्हिसलर ब्लॅककोम्ब (२०१६), स्टो (२०१७) आणि २०१९ मध्ये एका कंपनीची एकदम १७ लहान-मध्यम केंद्रे व्हेलच्या ताब्यात आली. प्रतिस्पर्धी अल्टेरा कंपनीने २०१८ मध्ये ‘आयकॉन पास’ बाजारात आणला.

या दुसऱ्या उत्तराने क्लिफर्ड यांच्या मांडणीसमोर अडचण उभी केली आहे. कंपनीकरणामुळे खेळ महाग होतो, ही त्यांची तक्रार नियमित खेळाडूच्या बाबतीत आता सरळपणे लागू होत नाही. हंगामात वीस-पंचवीस दिवस डोंगरावर जाणाऱ्यास पास पूर्वीपेक्षा स्वस्त पडतो. महाग झाले आहे ते एका दिवसाचे तिकीट. व्हेल येथे ऐनवेळी घेतलेले एका दिवसाचे तिकीट आता ३०० डॉलरच्या पुढे गेले आहे. हा दर तिकिटे विकण्यासाठी ठेवलेला नसून पास विकला जावा यासाठी ठेवलेला आहे. त्याचा बोजा पडतो तो नवशिक्यावर. ज्याला हा खेळ आवडेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याने महिनोन्‌महिने आधी पास कसा घ्यावा? आजचा व्यवसाय नव्या खेळाडूंची तहान जुन्या खेळाडूंच्या निष्ठेवर भागवितो, असा याचा अर्थ होतो. २०२२-२३ मध्ये स्कीअर-भेटींनी सुमारे साडेसहा कोटींचा विक्रम केला, हे खरे. पण एकाच पासधारकाच्या अनेक भेटी त्या आकड्यात मिळालेल्या आहेत.

आधी पैसे घेण्याच्या पद्धतीचा दुसरा परिणाम सेवेवर होतो. ग्राहकाने पैसे भरून टाकलेले असल्याने त्या हंगामात सेवा खालावली तरी त्याचा महसुलावर ताबडतोब परिणाम होत नाही. २७ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन सुटीच्या आठवड्यात, पार्क सिटी येथील सुमारे २०० सुरक्षा-पथक कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. सुरुवातीचा ताशी दर २१ डॉलरवरून २३ डॉलर व्हावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. संप जवळपास दोन आठवडे चालला, डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि पासधारक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. कामगारांविषयी क्लिफर्ड यांनी २००२ मध्ये व्यक्त केलेली चिंता जमिनीच्या प्रतिमानाबरोबर संपली नाही, हे या घटनेवरून दिसून येते.

पासाच्या बळावर स्पर्धक कसा नामोहरम होतो, याचा दाखला ग्रंथापूर्वीच्या काळातही उपलब्ध होता. अ‍ॅस्पेन येथील चारपैकी तीन डोंगर असलेल्या कंपनीने चौथ्या डोंगराबरोबरचे संयुक्त तिकीट बंद केले. परिणामी अ‍ॅस्पेन हायलँड्स या चौथ्या डोंगराचा बाजारहिस्सा १९७६-७७ मधील सुमारे २०.५ टक्क्यांवरून १९८०-८१ मध्ये ११ टक्क्यांवर आला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मक्तेदारीचा गैरवापर असल्याचा निर्णय कायम केला. तरीही १९९३ मध्ये तो चौथा डोंगर त्याच कंपनीकडे गेला. कायदा नुकसानभरपाई देऊ शकतो. व्यवसायाचे गणित बदलू शकत नाही. अरापाहो बेसिन या केंद्राची कथाही याच जातीची आहे. १९९७ मध्ये स्पर्धा टिकावी म्हणून न्याय खात्याच्या आग्रहामुळे ते व्हेलच्या मालकीबाहेर ठेवावे लागले. गर्दी असह्य झाल्याने २०१९ मध्ये ते व्हेलच्या पासातूनही बाहेर पडले. २०२४ मध्ये मात्र ते अल्टेराने विकत घेतले.

‘स्थानिक’ या संकल्पनेचे परीक्षण

क्लिफर्ड यांचा कल स्थानिक मालकीकडे आहे. त्यांच्या मनातील आदर्शाला इतिहासाचा आधार आहे. जानेवारी १९३४ मध्ये व्हरमाँट राज्यातील वुडस्टॉक येथे एका शेतकऱ्याच्या कुरणावर जुन्या फोर्ड मोटारीच्या इंजिनाने फिरणारा दोर बसविला गेला आणि अमेरिकेतील पहिला स्की-दोर सुरू झाला. पुढील काही दशकांत ईशान्येकडील गावोगावी असे दोर उभे राहिले. शाळा सुटल्यावर मुले तेथे जात आणि घरचे जेवण घेऊन परतत. भांडवल थोडे, खर्च थोडा, अपेक्षाही थोड्या, असे ते स्वरूप होते.

परंतु येथेच ग्रंथाची मर्यादा जाणवते. न्यू इंग्लंडमधील बंद पडलेल्या अशा केंद्रांची संख्या ६०० हून अधिक भरते, आणि त्यांपैकी बहुतेक मोठ्या कंपन्या शेअर बाजारात येण्यापूर्वीच बंद पडली होती. बर्फाविना गेलेले हिवाळे, वाढता विमा, कृत्रिम बर्फासाठी लागणारे भांडवल आणि महामार्गांमुळे दूरच्या मोठ्या डोंगरांवर जाण्याची झालेली सोय ही त्याची कारणे होत. लहान डोंगर कंपन्यांनी मारले, असे म्हणणे अर्धसत्य आहे. लहानपणा हे संरक्षण ठरत नाही, हाच त्या इतिहासाचा धडा आहे.

जे लहान डोंगर टिकले, त्यांच्यात मालकीच्या रूपाचे साम्य वारंवार आढळते. व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन हे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि १९९५ मध्ये खुद्द खेळाडूंच्या सहकारी संस्थेने ते विकत घेतले. तेथील एकेका माणसाला नेणारी जुनी लिफ्ट बदलून दुप्पट क्षमतेची बसविण्याऐवजी सभासदांनी २००७ मध्ये तिचीच दुरुस्ती केली. लिफ्टची क्षमता वाढली तर उतारावरील गर्दी वाढेल, असा त्यामागील विचार होता. नफ्याची सक्ती असलेल्या मालकास हा निर्णय परवडला नसता. सहकाराशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे मर्म सहज कळेल : येथे ग्राहक आणि मालक एकच आहेत. मात्र याच केंद्रावर स्नोबोर्ड वापरण्यास मनाई आहे. सभासदांची लोकशाही बाहेरच्यांना दार बंद करू शकते, ही सहकाराची दुसरी बाजूही येथे दिसते.

आयडाहो राज्यातील बॉइझी शहरानजीकचे बोगस बेसिन हे ना-नफा केंद्र १९९८ मध्ये अडचणीत असताना त्याने हंगामी पासाची किंमत उतरवून १९९ डॉलरवर आणली. विक्री अनेक पटींनी वाढली आणि केंद्र सावरले. मोठ्या कंपन्यांचे आजचे शस्त्र एका स्थानिक, ना-नफा डोंगराने आधी वापरून पाहिले होते, ही बाब लक्षणीय आहे. साधन तेच, पण बोगस बेसिनने ते शेजारच्या शहरातील कुटुंबांना डोंगरावर आणण्यासाठी वापरले, तर कंपन्यांनी देशभरातील डोंगर एका साखळीत गोवण्यासाठी. स्थानिक आणि कंपनी यांतील भेद युक्तीत नसून प्रयोजनात आहे, हे क्लिफर्ड यांच्या मांडणीला जोडावयास हवे.

हा भेद एकाच गावात पाहावयाचा असल्यास कोलोरॅडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज हे उत्तम उदाहरण आहे. गावाच्या मध्यवस्तीलगत हॉवेलसन हिल हा डोंगर आहे. तो १९१५ पासून चालू असून नगरपालिकेच्या मालकीचा आहे. नव्वदहून अधिक ऑलिंपिकपटूंनी तेथे सराव केला आहे. हा डोंगर नफा मिळवीत नाही. नगरपालिका त्याला अनुदान देते, जसे ते एखाद्या ग्रंथालयास दिले जाते. गावाच्या दुसऱ्या टोकाला १९६३ मध्ये सुरू झालेले मोठे केंद्र आहे. ते एका जपानी कंपनीकडून १९९७ मध्ये अमेरिकन स्कीइंग कंपनीकडे, २००७ मध्ये इंट्रावेस्टकडे आणि पुढे अल्टेराकडे गेले. डोंगर तेथेच राहिला आणि मालक बदलत राहिले.

असे असले तरी हे दोन डोंगर परस्परांचे शत्रू नाहीत. मोठ्या केंद्राकडे येणाऱ्या पर्यटकांच्या खरेदीवरील कराविना नगरपालिकेला लहान डोंगर चालविणे अवघड गेले असते. गावाचा निर्णयही नेहमीच दुर्बळांच्या बाजूने लागत नाही. कामगारांना परवडतील अशा घरांसाठी गावालगतची ५३६ एकर जमीन २०२१ मध्ये एका दात्याच्या मदतीने गृहनिर्माण प्राधिकरणाला मिळाली. ती जमीन शहराच्या हद्दीत घेण्याचा प्रस्ताव मात्र मार्च २०२४ मध्ये मतदारांनीच नाकारला. स्थानिक लोक एकसंध नसतात. घरमालक आणि भाडेकरू दोघेही स्थानिकच असतात, आणि जमिनीची किंमत वाढण्यात एकाचा लाभ व दुसऱ्याची हानी असते. ‘बाहेरची कंपनी’ विरुद्ध ‘आपले गाव’ अशी जी विभागणी ग्रंथात गृहीत धरलेली आहे, ती या कसोटीवर अपुरी ठरते.

भारतीय संदर्भ

जमिनीचे प्रतिमान भारतातही येऊ घातले होते. हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांच्या पुढाकाराने कुल्लू खोऱ्यात ‘हिमालयन स्की व्हिलेज’ उभारण्यासाठी २००५ मध्ये हिमाचल प्रदेश शासनाशी करार झाला. दोरमार्गांबरोबर हॉटेले आणि निवासी बंगले हा त्या योजनेचा महत्त्वाचा भाग होता. पाणी, चराऊ जमीन आणि देवस्थाने यांच्या काळजीपोटी स्थानिकांनी विरोध केला. २००६ मध्ये नग्गर येथे खोऱ्यातील देवतांची ‘जगती’ भरली आणि देवतांचा कौलही प्रकल्पाविरुद्ध गेला. हा प्रकल्प उभा राहिला नाही. दुसरीकडे, मनाली परिसरातील साध्या उतारांवर गिर्यारोहण संस्थेच्या आणि स्थानिक प्रशिक्षकांच्या आधारे स्कीइंग चालू राहिले. त्याच परिसरातील बुरुआ गावच्या आंचल ठाकूर यांनी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. स्कीइंगमधील भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक होते. तरीही या उदाहरणाचे गौरवीकरण करताना सावध राहणे इष्ट आहे. पुरेशा लिफ्ट आणि सरावाच्या सोयी नसल्याने भारतीय खेळाडूंना सरावासाठी परदेशी जावे लागते. साधेपणाची किंमत येथे खेळाडू मोजतो.

समारोप

‘डाउनहिल स्लाइड’ची थोरवी अशी, की बर्फाच्या व्यवसायात नफा बर्फातून येत नाही, ही गोष्ट त्याने सामान्य वाचकाला समजावून दिली. सार्वजनिक उतार आणि खाजगी लाभ यांविषयीचा त्याचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. मात्र नफ्याचा झरा जमिनीतून पासाकडे वळेल, हे त्याने ओळखले नाही. तसेच स्थानिकतेला त्याने जो नैतिक दर्जा दिला, तो पुराव्याने पूर्णतः सिद्ध होत नाही.

दोन्ही बाजूंचा विचार करता, कंपनी की गाव या प्रश्नापेक्षा डोंगराच्या मालकाला दरवर्षी वाढ दाखविणे भाग आहे की नाही, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. ज्याला ते भाग नाही, तो जुनी लिफ्ट दुरुस्त करू शकतो आणि नवशिक्याला स्वस्तात शिकवू शकतो. हिवाळे अनिश्चित होत असताना अशा मालकांनाही कृत्रिम बर्फाचा आणि विम्याचा खर्च टाळता येणार नाही. तो भार नगरपालिका, सभासद की वनजमिनीच्या भाड्यातून उभा राहणारा सार्वजनिक निधी यांपैकी कोणी उचलावा, याचा विचार क्लिफर्ड यांच्या ग्रंथाच्या पुढे जाऊन करावा लागेल. पर्यटन, सहकार आणि सार्वजनिक वित्त यांच्या अभ्यासकांनी त्यासाठी हा ग्रंथ त्याच्या मर्यादांसह वाचणे उपयुक्त ठरेल.